काठाच्या वरचं पाणी

सांडलेलं पाणी पसरलंच नाही. मिस्त्रींच्या डाव्या हाताचा धक्का लागला की त्यांनी दिला, ते त्यांनाच ठाऊक. पण पेला लवंडला, टेबलावरून खाली आला आणि त्यातून पाण्याचा एक लिबलिबीत गोळा निघून फरशीवर बसला तो बसलाच. मिस्त्री खुर्चीतून वाकून त्याच्याकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या होत्या. कुठल्या खोलीत सांडलेलं पाणी कुठल्या कोपऱ्याकडे धाव घेणार, हे ते उंबऱ्यात उभं राहून सांगत. आणि त्यांच्याच घरात, त्यांच्याच हाताने दिलेल्या उतारावर, हे पाणी आगंतुक पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलं होतं.

"हे... पाणी?" त्यांनी विचारलं. जीभ जड झाल्यापासून त्यांचे शब्द असे एकेक सुटे येत.

"पाणीच आहे," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "पावडर घातलीय नुसती."

"खळ," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

ते काही खोटं नव्हतं. मिस्त्रीणबाई फडकं घेऊन खाली बसल्या, तर ते पाणी फडक्यात शिरेना. नुसतं इकडचं तिकडे सरकत होतं. शेवटी त्यांनी ते हातानेच गोळा केलं आणि उचललं. पूर्वीचे दिवस असते तर दोघं यावर पोट धरून हसले असते. आता हसू ओठापर्यंत आलं आणि मागे फिरलं, कारण शुक्रवार तोंडावर आला होता.

शुक्रवारचं असं होतं. एका सकाळी सदऱ्याची बटणं लावता लावता मिस्त्रींचा उजवा हात खाली पडला आणि मागोमाग मिस्त्री. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय थोडा वळणावर आला होता, जीभही जराशी. घसा मात्र रुसून बसला तो बसलाच. घोट गिळायला शिकवणारी एक तरुण मुलगी दवाखान्यात होती. तिच्या हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक होतं की मिस्त्रींनी त्या अवस्थेतही तिचं बारसं केलं आणि ती या घरापुरती 'घोटताई' झाली. तिला कळलं तेव्हा तीही हसली.

घोटताईने दोघांना समोर बसवून समजावलं होतं. पाणी फार घाईत असतं, ती म्हणाली. भाकरी-भात तोंडात थांबतो, पाणी थांबत नाही. जिभेने घशाला निरोप द्यायच्या आत ते खाली उतरतं. काकांच्या घशाचं दार आता सावकाश लागतं. तोवर पाणी भलत्या वाटेने छातीत जातं, आणि तिथे गेलं की ताप, न्यूमोनिया, परत दवाखाना. म्हणून पाणी घट्ट करायचं. मधासारखं. म्हणजे ते रमतगमत येतं आणि दाराला वेळ मिळतो. पाणी, चहा, दूध, औषध, जे जे वाहतं ते सगळं.

मिस्त्रींनी मान डोलावली होती. पण ऐकणं वेगळं आणि तहान वेगळी. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मिस्त्रीणबाई आंघोळीला गेल्या असताना त्यांनी फडताळावरचा जग गाठला. बाई ओल्या केसांनी धावत आल्या तेव्हा मिस्त्री भिंतीला टेकून काळेनिळे पडले होते आणि त्या खोकल्याला आवाजसुद्धा नव्हता. बाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया, पुन्हा घोटताई. या खेपेला ती रागावली नाही, नुसती मिस्त्रींचा हात धरून बसली. त्यांना तेच जास्त लागलं.

तेव्हापासून त्या घरात पाणी लपून राहायला लागलं. जग कपाटात गेला, पेले वरच्या फळीवर चढले. मिस्त्रीणबाई स्वतः पाणी प्यायच्या ते स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून, नळाची धार भांड्याच्या कडेने सोडून, आवाज होऊ नये म्हणून घोटसुद्धा बेताने घेत. आपल्याच घरात चोरी. मिस्त्रींच्या पेल्यातलं पाणीही त्या आतच कालवायच्या आणि तयार करून बाहेर आणायच्या. समोर मांडामांड नको, उगाच जिवाला चटका नको, असा त्यांचा हिशेब.

मिस्त्री मात्र त्या पेल्याकडे बघायला तयार नव्हते. एक घोट घेत, दुसरा नाही. ओठांना भेगा पडल्या. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं: शुक्रवारी घेऊन या. तोवर तोंडाने पुरेसं पाणी जात नसेल, तर नाकातून पोटापर्यंत नळी घालू.

"नळी नको," मिस्त्री म्हणाले. ते दोन शब्द त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारले.

आता खरं सांगायचं तर नळीनेच या माणसाला आयुष्यभर जेवू घातलं होतं. फरशी एका पातळीत बसवायची तर आधी खोलीच्या चारी भिंतींवर एकाच उंचीच्या खुणा लागतात. मिस्त्रींकडे त्यासाठी पाण्याने भरलेली एक लांबच लांब पारदर्शक नळी होती. तिचं एक टोक एका भिंतीशी, दुसरं समोरच्या भिंतीशी. मध्ये नळी कशीही पडलेली असो, दारातून वळलेली, जिन्यावरून लोंबलेली; दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन उभं राहतं. फक्त आत हवेचा बुडबुडा नको, आणि दुसरं टोक धरायला माणूस हवा.

लग्न नवं होतं तेव्हा मिस्त्रींचा जोडीदार काम सोडून गेला होता. मिस्त्रीणबाई दुपारचा डबा घेऊन कामावर आल्या. मिस्त्री म्हणाले, "आलीच आहेस तर जरा हे टोक धर." ते 'जरा' जन्मभर पुरलं. लेक झाली तेवढे महिने सोडले तर बाईंनी ते टोक खाली ठेवलं नाही. मिस्त्री ओळख करून देताना 'ही आमची मंडळी' वगैरे म्हणत नसत. 'हे माझं दुसरं टोक' म्हणत, आणि समोरचा गोंधळला की खूश होत.

त्या कामात बोलणं फारसं नसे. नळी हलली की पाणी दोन्ही टोकांना खालीवर झोके घेतं. ते शांत व्हायच्या आत खूण केली तर सगळी खोली चुकते. म्हणून मिस्त्री तिकडून म्हणत, "थांब." बाई श्वास रोखून उभ्या राहत. पाणी डुचमळे, हळू होई, उभं राही. मग ते म्हणत, "झालं." दिवसभरात शंभरदा थांब, शंभरदा झालं. पुढे भिंतीवर उजेडाची लाल रेघ मारणारं यंत्र आलं, लेकीने ते घेऊन द्यायची तयारीही दाखवली. मिस्त्री म्हणाले, त्याला दुसरं टोक लागत नाही, मग काम करताना बोलायचं कुणाशी?

आणि दुपारी जेवताना एक खेळ ठरलेला असे. मिस्त्री बाईंचा पेला भरायचे. काठोकाठ नव्हे, काठाच्या वर. थेंब थेंब सोडत इतका, की पाणी पेल्याच्या कडेवर फुगून यायचं आणि तरी सांडायचं नाही. वरून जणू काचेचं झाकण. मग तो पेला उचलता यायचा नाही. हात मागे बांधून, मान वाकवून, ओठ लावूनच पहिला घोट घ्यावा लागायचा. "बघ," मिस्त्री म्हणत, "मालकाला नाही, पाण्याला मुजरा करतेस." बाई दरवेळी वैतागायच्या आणि दरवेळी वाकायच्या. आजूबाजूचे गवंडी माना फिरवून हसायचे.

तर असा माणूस आता म्हणत होता, नळी नको. लेकीला ते पटत नव्हतं. ती मंगळवारी सकाळीच सुट्टी टाकून आली. बापावर तिचा जीव होता, पण स्वभाव आईसारखा सोसणारा नव्हता. एवढा हट्ट कशाला, तिचं म्हणणं. नळीने निदान पाणी तरी पोटात जाईल, आईचीही रोजची परीक्षा संपेल. आईने पडती बाजू घेतली की लेक आणखी चिडे.

त्या दुपारी लेकीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ओटा भांड्यांनी भरून टाकला, ओली फरशी घासायला काढली. मिस्त्रीणबाईंना आत पाऊल टाकायला जागा उरली नाही. मिस्त्रींच्या पाण्याची वेळ झाली होती. बाई जराशा घुटमळल्या, मग पेला, चमचा आणि पावडरीचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि टेबलावर, मिस्त्रींच्या समोरच, पाणी कालवायला बसल्या. असं त्या पहिल्यांदाच करत होत्या.

पावडर पडली. चमचा फिरला. पाणी होतं तसंच पातळ दिसत होतं. बाईंनी आणखी अर्धा चमचा घातला, पुन्हा फिरवलं. अजून पातळच. रोज असंच व्हायचं. त्यांनी पुन्हा डब्यात चमचा घातला.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. विचार करून नव्हे. इतक्या वर्षांची सवय ती. तो शब्द कानावर आला की हात थांबायचाच. चमचा अधांतरी, श्वास रोखलेला. आत लेकीनेही घासणं थांबवलं असावं, कारण घरात एकदम शांत झालं.

मिस्त्री पेल्याकडे बघत होते. अशा नजरेने त्यांनी कित्येक दिवसांत कशाकडे बघितलं नव्हतं. पाणी फिरत होतं, हळू झालं, उभं राहिलं. त्यांना घाई नव्हती. पांढरं सिमेंट भिजवलं की लगेच हात घालायचा नसतो, त्याला पाणी प्यायला वेळ द्यायचा असतो. नाहीतर माणूस आणखी सिमेंट टाकत जातो आणि मागाहून घमेल्यात दगड होतो. मिस्त्रीणबाईंना हे माहीत नव्हतं थोडंच? फरश्यांचे सांधे त्यांनीच तर भरले होते, मिस्त्रींपेक्षा सफाईने. पण पेल्यातल्या पाण्याशी त्याचा संबंध त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. पाणी म्हणजे पाणी, आणि नवऱ्याची तहान म्हणजे घाई. रोज पातळ दिसलं की पावडर घालायच्या आणि रोज बाहेर येईपर्यंत त्याची खळ व्हायची.

मिस्त्रींनी डावा हात पुढे केला. बाईंनी चमच्यातली पावडर डब्यात परत टाकली आणि चमचा त्यात ठेवला. त्यांनी तो पाण्यात बुडवला, उचलला आणि तिरका केला. चमच्यावरून धार निघाली ती पाण्याची नव्हती आणि खळीचीही नव्हती. जाडसर, लांब, सावकाश. तिचं टोक पेल्यातल्या पाण्यावर टेकलं, क्षणभर उमटून राहिलं आणि विरघळलं.

"चिमूटभर," ते म्हणाले.

बाईंनी चिमूटभर घातली.

"थांब."

या खेपेला जास्त वेळ थांबावं लागलं. लेक दाराशी येऊन उभी होती, हाताला साबण तसाच. ती काही बोलायला गेली तर आईने तिच्याकडे न बघताच बोट वर केलं. मिस्त्रींनी पुन्हा चमचा उचलला, धार सोडली, बघितली.

"झालं," ते म्हणाले.

मग त्यांनी तो पेला स्वतःच्या हाताने तोंडाला लावला. घोटताईने शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली घेतली, घोट धरला, गिळला. तोंड वाकडं झालं. चव काही पाण्याची नव्हतीच. पण त्यांनी दुसरा घोट घेतला, आणि तिसरा. आपल्या हाताने कालवलेला माल वाया जाऊ देणारा हा माणूस नव्हता. पेला संपला तेव्हा त्यांनी तो टेबलावर जरा जोरातच ठेवला.

मिस्त्रीणबाईंना रडू आलं. आत पळून जायलाही उसंत मिळाली नाही. लेक साबणाच्या हातांनीच आईला बिलगली आणि मिस्त्री दोघींकडे बघून म्हणाले, "पुसा... फरशी." लेकीच्या हातावरचा फेस खाली ठिबकत होता.

शुक्रवारपर्यंत मिस्त्रींनी पाणी दुसऱ्या कुणाला कालवू दिलं नाही. चहासुद्धा त्यांनीच घट्ट केला. लेकीने एकदा परस्पर कालवून आणलं, प्रमाण चुकलं, तर त्यांनी तिचा पेला परत पाठवला, जसा नवशिक्याचा माल परत पाठवायचे. ती आईकडे तक्रार घेऊन गेली, पण तक्रार करताना हसत होती. ओठांच्या भेगा मऊ पडल्या. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच बसली. छाती ऐकली, कागदांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, सध्या नळीची गरज नाही. मिस्त्रीणबाईंच्या मनावरचा धोंडा उतरला. त्या डॉक्टरांना नमस्कार करायला उठल्या आणि पिशवीच खाली पाडून बसल्या.

घोटताईने मिस्त्रींना तिच्यासमोर पाणी कालवायला लावलं. जेवणाच्या काट्याच्या दात्यांतून ते गाळून बघितलं, मान हलवली, पसंत पडलं. मग मिस्त्रींनी इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न काढला.

"पातळ?" त्यांनी विचारलं. "कधी?"

घोटताईने मिस्त्रीणबाईंकडे बघितलं नाही, लेकीकडेही नाही. ती मिस्त्रींच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"काका, घशाची तपासणी दोनदा केली आपण," ती म्हणाली. "व्यायाम चालू ठेवू. पण तुमच्याशी खोटं नाही बोलणार. साधं पाणी आता जमेल असं मला नाही वाटत."

मिस्त्रींनी मान डोलावली. तिच्या हातावर थोपटलं, जसं काही वाईट बातमी तिलाच मिळाली होती. परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मिस्त्रीणबाईंनी त्यांचा अधू हात मांडीवर घेतला होता. त्या त्याची बोटं एकेक करून सरळ करत राहिल्या.

लेक संध्याकाळच्या गाडीने जायची होती, म्हणून त्याआधी घरचं वाणसामान आणायला बाहेर पडली. मिस्त्री आडवे झाले. बाईंच्या घशाला सकाळपासून कोरड पडली होती. त्यांनी कानोसा घेतला, स्वयंपाकघरात गेल्या, दाराकडे पाठ केली आणि नळाची बारीक धार भांड्याच्या कडेने सोडली.

मागे काठी टेकल्याचा आवाज आला.

मिस्त्री दारात उभे होते. बाईंनी भांडं मागे लपवलं. लहान मुलीसारखं, हातातलं पाणी अर्धं पाठीवर सांडवत. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, हे बाईंना त्यांच्या डोळ्यांतच दिसलं. पाण्याचा आवाज या माणसापासून लपवायला निघाल्या होत्या त्या.

"इथे," मिस्त्री म्हणाले आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलापाशी बसले. "जग."

"अहो, नको."

"मी नाही," ते म्हणाले. जीभ अडखळली, पुन्हा सावरली. "तू."

बाईंनी कपाटातून जग काढला, भरला. फळीवरचा पेला उतरवला. मिस्त्रींनी डाव्या हाताने जग उचलला. तो हात अजून शिकाऊ होता. पाणी भसकन आलं, पेला ओसंडला, टेबलावरून ओघळ खाली गेला. बाई फडकं घ्यायला वळणार, तोच मिस्त्रींनी जग ठेवून त्यांना काठीने अडवलं. पाणी फरशीवर उतरलं, क्षणभर वाट शोधल्यासारखं थबकलं आणि मग सरळ न्हाणीच्या दाराकडे निघालं. बरोबर जिथे त्यांनी उतार दिला होता तिथे.

"पळतंय," मिस्त्री म्हणाले. केवढा आनंद झाला होता त्यांना.

त्यांनी पेल्यातलं थोडं पाणी परत जगात ओतलं आणि पुन्हा भरायला घेतलं. आता बाई समोर बसल्या. मान खाली घेऊन त्यांनी डोळे पेल्याच्या काठाशी लावले, नळीच्या टोकाशी लावायच्या तसे. पाणी काठाला आलं. मिस्त्रींनी धार आवरली. एक थेंब. आणखी एक. पाणी काठावर चढलं, फुगलं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

जग हवेत थांबला. पेल्यातलं पाणी थरथरलं, हळू झालं, उभं राहिलं. काठाच्या वर, सगळीकडून सारखं.

"झालं," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी जग खाली ठेवला आणि वाट बघत राहिले. नियम नियम होता. मिस्त्रीणबाईंनी दोन्ही हात मागे नेले, मान वाकवली आणि पाण्याला ओठ लावले. पहिला घोट घेतला. मग दुसरा. मिस्त्री त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होते.

"गार?" त्यांनी विचारलं.

"गार आहे," बाई म्हणाल्या.

"पी," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी आता पेला हातात घेतला आणि गटागटा प्यायल्या, आवाज करत, न लपवता. प्रत्येक घोटाबरोबर मिस्त्रींचा कंठमणी वर जात होता आणि खाली येत होता. पेला रिकामा झाला तेव्हा त्यांनी उलट्या पंजाने आपले कोरडे ओठ पुसले.